मॅग्दा नाखमन : एक हरवलेली चित्रकर्ती

१२ फेब्रुवारी १९५१. मुंबईत एका चित्रप्रदर्शनाची सारी तयारी झाली होती. परंतु उद्घाटनाला काही तास उरले असतानाच चित्रकर्तीचे निधन झाले. तिचे नाव मॅग्दा नाखमन.

१८८९ साली रशियात सेंट पीटर्सबर्गजवळ तिचा जन्म झाला. वडील ज्यू, आई जर्मन वंशाची ख्रिस्ती. लिओन बाक्स्ट या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली ती शिकली. १९१३ साली तिने कवयित्री मरीना त्स्वेतायेवाचे व्यक्तिचित्र रंगविले. रशियन क्रांतीनंतर मॉस्कोत तिने एम. पी. टी. आचार्य या मद्रासकडच्या क्रांतिकारकाशी विवाह केला. १९२२ साली हे दांपत्य बर्लिनला गेले. तेथे लेखक व्लादिमीर नाबोकोव्हचेही चित्र तिने काढले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यू बापाची लेक आणि हिंदी क्रांतिकारकाची पत्नी. अशा स्त्रीला बर्लिनमध्ये कोण सुखाने राहू देणार? दोघांनी शहर सोडले आणि पुढे मुंबई गाठली. येथे पैशाची चणचण होती, पण कुंचला थांबला नाही. साधीसुधी हिंदी माणसे तिच्या चित्रांत आली. युरोप सोडून आलेले रुडॉल्फ व्हॉन लेडन यांच्यासारखे कलासमीक्षकही तेव्हा मुंबईत होते. आपल्या नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा व त्यांचे मित्र यांना अशाच जाणकारांनी आधार दिला.

बर्लिनमध्येच शिकलेला ज्यू चित्रकार फेलिक्स नुसबाउम मात्र सुटू शकला नाही. ब्रुसेल्समध्ये लपून तो रंगवीत राहिला. १९४४ साली त्याला पकडून ऑश्विट्झला नेण्यात आले व तेथेच त्याचा अंत झाला. चित्रे मात्र वाचली. १९९८ साली जन्मगावी, ऑस्नाब्रूकला, त्याच्या चित्रांचे संग्रहालय उघडले.

मॅग्दाचे उलट झाले. जीव वाचला, चित्रे पांगली. नाबोकोव्हच्या मूळ चित्राचा पत्ता नाही. १९५४ साली आचार्यही वारले. २०२० साली लीना बर्नस्टाइन यांनी तिचे चरित्र लिहिले, तेव्हा कुठे तिची पुन्हा ओळख झाली.

नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. पण जे निसटले, त्यांचेही घर, भाषा, चाहते मागेच राहिले. ते नुकसान कोणत्या आकड्यात मांडायचे? मॅग्दा तर आपल्याच राज्यात राहिली, येथेच वारली. तिची चित्रे आपल्याकडे कोणाच्या घरात असतील, तर ती जपली पाहिजेत.