मुलीच्या कलाने : पंडिता रमाबाई यांच्या शिक्षणकार्याचे एक दुर्लक्षित अंग

गढ्याच्या मदनमहालाच्या टेकडीखाली राहणाऱ्या आपणा मंडळींना राणी दुर्गावतीची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. रणांगणावर देह ठेवणाऱ्या त्या वीरांगनेचा वारसा या मातीतच आहे. परंतु पराक्रमाचे क्षेत्र केवळ रणांगणच नसते. ज्याला जगाने शिकण्यास नालायक ठरविले, अशा एकेका जिवाजवळ बसून त्याला अक्षर, काम आणि स्वाभिमान देणे हाही पराक्रमच होय. असा पराक्रम करणाऱ्या एका मराठी स्त्रीचे चरित्र मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात यावे, हे उचितच ठरेल. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात आपला जबलपूर जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता, त्याच प्रांतातून शेकडो निराधार मुलींना तिने मायेच्या छायेखाली नेले होते. त्या स्त्रीचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे पांडित्य, त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या कार्याच्या एकाच अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. सर्वांना एकाच मापाने न मोजता ज्याच्या त्याच्या कलाने शिकविण्याची त्यांची वृत्ती कोठून आली आणि ती कोणाच्या उपयोगी पडली, एवढाच हा शोध आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगेतील गंगामूळ या अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण. स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे त्यांचे ठाम मत होते आणि त्यासाठी उडुपी येथील पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली होती. त्यांनी प्रथम आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले आणि वार्धक्यामुळे त्यांची शक्ती कमी झाल्यावर त्या माउलीने धाकट्या रमेला शिकविले. अरण्यातील त्या घरात ना शाळेची घंटा होती, ना इयत्ता, ना परीक्षा. घरकामाला हात घालण्यापूर्वी, पहाटेच्या काळोखात, झोपेतून उठविलेल्या मुलीला जवळ घेऊन आई श्लोक म्हणे आणि मुलगी तो घोकी. एक आई, एक मुलगी आणि तिला झेपेल एवढाच पाठ, अशी ती शाळा होती. बाराव्या वर्षाच्या सुमारास पुराणांचे अठरा हजार श्लोक त्या मुलीच्या मुखोद्गत झाले होते. शिक्षणाचे हे पहिले रूप रमाबाईंच्या मनावर कायमचे कोरले गेले असल्यास नवल नाही.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन करीत देशभर हिंडले. दक्षिणेतील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघेही अन्नान्नदशेत गेले. भाऊ श्रीनिवास आणि रमा ही दोघे भावंडे पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला. जात आणि प्रांत ओलांडणारा हा विवाह त्या काळी धाडसाचाच होता. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीसह रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु ज्या विद्येसाठी सागर ओलांडला, ती विद्या मात्र त्यांना लाभली नाही. त्यांचे कान अधू होते आणि या श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग त्यांना बंद झाला.

चरित्रकार हा प्रसंग बहुधा एका वाक्यात आटोपतात. पण क्षणभर थांबून विचार करावा. ज्या स्त्रीने कलकत्त्याच्या पंडितांच्या परीक्षेस उतरून दाखविले, तिची बुद्धी कोणत्याही विद्यार्थ्याहून उणी नव्हती. उणीव होती ती एका इंद्रियात. शिक्षणाची रचना सर्व इंद्रिये धड असणाऱ्यांसाठीच केलेली होती, म्हणून दार लागले. रमाबाई रडत बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले आणि संस्कृतचे अध्यापनही केले. वैद्यकी हुकली, तरी शिक्षकी हाती आली. अधू इंद्रियाचा माणूस निरुपयोगी नसतो, त्याला दुसरी वाट दाखवावी लागते, हा धडा त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता. तो त्यांनी अंगावर झेलला होता.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे तो समारंभ झाला. परत न फिरता त्या जवळजवळ तीन वर्षे त्या देशात राहिल्या, हिंडल्या आणि शिकल्या. या मुक्कामात त्यांच्या मनाला विशेष भावली ती फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालोद्यान पद्धती. मुलाने ऐकून घोकण्याऐवजी हाताने हाताळून, खेळून, रचून शिकावे, हे तिचे सूत्र. ज्यांचे कान कच्चे, ज्यांची जीभ अडखळते, त्यांच्यासाठीही या पद्धतीत जागा होती. रमाबाईंनी तिचे रीतसर शिक्षण घेतले. याच काळात, १८८७ मध्ये, अ‍ॅनी सलिव्हन नावाच्या तरुण शिक्षिकेने अमेरिकेच्या अलाबामा संस्थानात हेलन केलर या अंध व बधिर मुलीच्या तळहातावर अक्षरे काढून तिला शब्दांच्या जगात आणले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. एका शिक्षिकेने एका मुलीला तिच्या मार्गाने शिकविणे या कल्पनेला जगात तेव्हा नुकतीच पालवी फुटत होती.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस रमाबाईंनी शारदासदन काढले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई, अर्थात आनंदीबाई कर्वे, या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. बालविधवांना शिकविणे हे इतर मुलींना शिकविण्यासारखे नव्हते. कोणी वीस वर्षांची असून अक्षरशत्रू, कोणी लहान असून चुणचुणीत, कोणी अपमान सोसून मुकी झालेली. वयावरून वर्ग लावून तेथे निभावणारे नव्हते. येईल तिची कुवत पाहून तिला शिकविणे भाग होते.

१८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा आक्षेप केवळ सनातन्यांचा नव्हता आणि तो निराधारही म्हणता येणार नाही. आश्रयासाठी आलेल्या मुलीच्या मनावर आश्रय देणारीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच. आपल्यापैकी अनेकांना रमाबाईंचा हा मार्ग आजही पटणार नाही. परंतु मतभेदाची ही नोंद करून झाल्यावरही एक प्रश्न उरतोच. ज्यांना त्या काळी कोणीही दारात उभे करीत नव्हते, त्यांना कोणी शिकविले?

या प्रश्नाचे उत्तर १८९६-९७ च्या दुष्काळाने दिले. मध्य प्रांतातील उपासमारीच्या वार्ता कानी येताच स्वतःच्या लहानपणीचा दुष्काळ रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पाला खाऊन काढलेले दिवस त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि निराधार मुली व तरुण विधवा यांना घेऊन आल्या. पुण्याजवळ दौंडच्या वाटेवर केडगाव येथे त्यांनी शेतजमीन घेतली होती. तेथे या मुलींची सोय झाली आणि १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि सदनातील माणसांची संख्या दीड हजाराच्या आसपास गेली.

दीड हजार हा आकडा उच्चारणे सोपे आहे. त्यांत निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या, उपासाने खंगलेल्या, माणसांना भिणाऱ्या मुली होत्या. त्यांत आंधळ्या होत्या, आजारी होत्या, ज्यांची बुद्धी वयाबरोबर वाढली नाही अशाही होत्या. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. एकच क्रमिक पुस्तक सर्वांच्या हाती देणे अशक्य होते. तेथे शाळा होती, तशीच शेती होती, गोठा होता, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई आणि स्वयंपाकघर होते, छापखानाही होता. पुस्तकात जिचे मन रमेल तिला शाळा, जिचे हात चलाख तिला माग, जिला मोकळ्या हवेत बरे वाटे तिला शेत. छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. शिकून तयार झालेल्या मुली नव्याने आलेल्या मुलींना सांभाळीत आणि शिकवीत. शहाणी मुलगी वेडसर मुलीचा हात धरून चाले, यात दोघींचेही शिक्षण होते.

आंधळ्या मुलींचे शिक्षण हे या कार्यातील सर्वांत हृद्य प्रकरण होय. आपल्या देशात अंधांसाठी पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे निघाली होती. अंध मुलीला शिकविता येते, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. भीक किंवा कोपरा, एवढेच तिचे भवितव्य. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि या मुलींना शिकविण्याचे काम आपल्याकडे घेतले. सहा टिंबांच्या उठावातून अक्षरे घडविणाऱ्या या लिपीत शिक्षकाला फळ्यावर लिहून पन्नास जणींना एकदम शिकविता येत नाही. एकेकीजवळ बसावे लागते, तिचे बोट आपल्या हाती घेऊन टिंबांवरून फिरवावे लागते. एकीची बोटे मऊ, दुसरीची कष्टाने घट्टे पडलेली. एकीला आठवडा पुरेल, दुसरीला वर्षही पुरणार नाही. घाई करून चालत नाही आणि सोडून देऊनही चालत नाही. अंध मुलींना वेताच्या टोपल्या विणणे यांसारखी हातकामेही शिकविली गेली. वाचायला शिकलेली अंध मुलगी पुढे दुसऱ्या अंध मुलीला शिकवू लागली, तेव्हा लोकांच्या दयेवर जगणारी एक स्त्री शिक्षिका झाली होती.

स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात गढून गेल्या. या उद्योगामागेही तीच दृष्टी होती. थोडेसे अक्षरज्ञान झालेल्या साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेल्या पंडितेने आपली भाषा ऐकणारीच्या पातळीवर आणावी, याहून मोठा विनय कोणता? १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीला कडेवर घेऊन वैधव्य सोसले, जिने आंधळ्यांना अक्षर दिले, तीच उजवा हात होऊन आधी गेली. हे दुःख पचवून रमाबाईंनी भाषांतराचे काम शेवटास नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. केडगावची संस्था आजही चालू आहे.

रमाबाईंच्या काळी स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था म्हणून ओळखली गेली नव्हती. लिओ कॅनर या डॉक्टरने या अवस्थेचे वर्णन १९४३ मध्ये केले. अंध लिपीतही एकवाक्यता नव्हती, भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. प्रत्येक अपंग मुलासाठी स्वतंत्र शिक्षणआराखडा असावा, ही गोष्ट अमेरिकेने १९७५ मध्ये कायद्याने मान्य केली. आपल्या देशात १९९९ च्या कायद्याने स्वमग्न, मतिमंद, मेंदूच्या पक्षाघाताने व बहुविध अपंगत्वाने ग्रस्त व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास स्थापन झाला, तर २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. शास्त्र फार पुढे गेले आहे. केडगावला तसे शास्त्र नव्हते, मोजमाप नव्हते, आणि तेथील प्रत्येक गोष्ट आजच्या कसोटीला उतरेल असेही नाही.

तरीही शास्त्राने आज जे नियमात बांधले, त्याचे बीज तेथे दिसते. आधी मुलीला ओळखावे, मग पाठ ठरवावा, तिला जमेल तेथून आरंभ करावा, आणि जे जमले त्यातून तिला कोणाच्या तरी उपयोगी पडू द्यावे. आपल्याही आळीत, आपल्याही नात्यागोत्यात एखादे मूल असते. ते डोळ्याला डोळा देत नाही, एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते, किंवा पाहुणे आले की आतल्या खोलीत नेले जाते. हळदीकुंकवाला त्याची आई येत नाही आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात त्याचे नाव नसते. आपण तिला विचारीत नाही आणि ती सांगत नाही. मंडळाने पन्नास वर्षांत गुणवंतांचे पुष्कळ सत्कार केले, ते योग्यच झाले. पुढील पन्नास वर्षांत त्या आतल्या खोलीचे दारही आपल्या हातून उघडावे. त्या मुलाला रंगमंचावर उभे राहून भाषण करता येणार नाही कदाचित, पण सतरंज्या अंथरणे, पणत्या मांडणे, ताल धरणे यांपैकी काही तरी त्याला खात्रीने येईल. ते काय, हे शोधण्याची चिकाटी मात्र आपल्या अंगी हवी. पंडिता रमाबाईंना याहून मोठी आदरांजली ती कोणती?