श्रीज्ञानेश्वर व नेवासें

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामस्थांपुढें एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र ठेवावें, असें आमच्या मनांत आलें. ज्यांच्या नांवानें आपलें नेवासें सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे, त्या श्रीज्ञानेश्वरांचें चरित्र आम्हीं योजिलें. ते ख्रिस्ती नव्हते, हें उघड आहे. तथापि सद्गुण जेथें दिसेल तेथें त्याचा आदर करणें, हें ख्रिस्ती माणसास शोभतें.

ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९७ म्हणजे इ. स. १२७५ मध्यें पैठणजवळील आपेगांवीं झाला, असें सामान्यतः मानितात. त्यांचे वडील विठ्ठलपंत यांनीं काशीस संन्यास घेतला होता. पुढें गुरूंच्या आज्ञेवरून ते पत्नी रुक्मिणीबाई यांजकडे परत येऊन संसार करूं लागले. तेवढ्यावरून आळंदीच्या ब्रह्मवृंदानें त्या कुटुंबास वाळींत टाकिलें. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई हीं चार लेंकरें संन्याशाचीं मुलें म्हणून हिणविलीं गेलीं. आईबापांनीं प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला, असें सांगतात. पोरकीं झालेलीं मुलें शुद्धिपत्र मागण्यास पैठणास गेलीं. त्यांच्या हातून कोणताच अपराध घडला नव्हता. तरीहि आपल्याच लोकांत राहण्यासाठीं त्यांस दुसऱ्या गांवच्या दाखल्याची याचना करावी लागली.

पैठणाहून तीं चौघें प्रवरेच्या कांठीं नेवाशास आलीं, आणि येथें त्यांस थारा मिळाला. मृत सच्चिदानंदबाबांस ज्ञानेश्वरांनीं उठविलें, अशी कथा आहे. तिचा निवाडा आम्ही करीत नाहीं. परंतु शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें, रामदेवराव यादवांच्या राज्यांत, ज्ञानेश्वरांनीं ही टीका केली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, हें ग्रंथाच्या शेवटींच नमूद आहे. गीतेचे श्लोक सातशें. त्यांवर ह्या मुलानें सुमारें ९,००० ओव्या सांगितल्या. संस्कृत न जाणणाऱ्या कुणब्यास व बायाबापड्यांस जें ज्ञान बंद होतें, तें त्यानें त्यांच्या बोलींत आणिलें. ज्या खांबास टेकून ही टीका सांगितली असें मानितात, तो पैस खांब आजहि येथें उभा आहे.

ग्रंथाच्या अखेरच्या प्रार्थनेंत आपणांस छळणाऱ्यांविषयीं एकहि कडू शब्द नाहीं. दुष्टांचा नाश न मागतां, त्यांची दुष्ट बुद्धि जावी एवढेंच त्यांनीं मागितलें. इ. स. १२९६ मध्यें, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, आळंदीस त्यांनीं समाधि घेतली. ज्या आळंदीनें त्यांस वाळींत टाकिलें, तीच आज त्यांच्या समाधीमुळें ओळखली जाते!

त्याच ओवीनें पुढें आपल्याहि धर्माची सेवा केली. जन्मानें इंग्रज असलेले येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले. त्यांनीं मराठी आपलीशी करून ओव्यांत ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें. आलेला परका किती देऊन जाईल, हें दारीं उभा असतां कोणास कळत नाहीं.

आपल्या धर्मग्रामांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलीं कुटुंबें आहेत. देवमंदिराचें ओझें त्यांनीं वाहिलें, त्यांचा मान त्यांस मिळालाच पाहिजे. पण भेंडें व सोनई येथील साखर कारखान्यांच्या हंगामांत परगांवचीं कष्टाळू कुटुंबें तालुक्यांत येतात. कोणी नोकरीसाठीं, कोणी मुलांच्या शिक्षणासाठीं येतो. त्यांतील एखादें कुटुंब रविवारीं मिस्सेस दाराशीं उभें राहिलें, तर सरकून त्यास बांकावर जागा कोण देतो? त्यांचें गांव विचारावें, आजाऱ्यास भेटावें, सणाच्या दिवशीं त्यांस पंगतीस बोलवावें. नव्यांनींहि पाहुणेपणा सोडून कामास हात लावावा. जुन्यानव्यांचा असा मेळ असेल, तरच दुष्काळांत व आजारपणांत धर्मग्राम तग धरील.

परक्यास घरांत घेणें म्हणजे आपणांसच घेणें, असें प्रभु येशूनें मानिलें आहे. पवित्र कुटुंबासहि मिसर देशांत परकें म्हणून राहावें लागलें. नेवाशानें एकदां चार पोरक्या मुलांस जागा दिली. ह्या गांवचे रहिवासी म्हणून तें ऋण आपल्याहि माथ्यावर आहे. दारीं येणाऱ्यास जागा देऊन तें फेडण्याची कृपा परमेश्वर आपणां सर्वांस देवो.