जन्मतारीख नसलेला देशभक्त

स्वातंत्र्यदिन आला की मला फ्रेडरिक डग्लसची हटकून आठवण होते. अमेरिकेतील मेरीलँड प्रांतात १८१८ च्या सुमारास तो गुलाम म्हणूनच जन्मला. स्वतःची जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. मालकीण मुळाक्षरे शिकवू लागली, ती तिच्या पतीने बंद पाडली. तरी रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून तो वाचायला शिकला. १८३८ साली तो उत्तरेकडे पळाला आणि पुढे रॉचेस्टर येथे त्याने वृत्तपत्र काढले.

तेथील गुलामगिरीविरोधी महिला मंडळाने १८५२ साली स्वातंत्र्यदिनानिमित्त त्याचे भाषण ठेवले. ४ जुलै टाळून तो ५ जुलैला बोलला. राष्ट्र उभारणाऱ्यांचा त्याने गौरव केला आणि लाखो माणसे बेड्यांत असताना हा उत्सव गुलामाचा कसा, असा रोकडा सवालही टाकला.

पण देशाकडे त्याने पाठ फिरवली नाही. यादवी युद्धात त्याचे दोन मुलगे सैन्यात गेले. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ती नष्ट करणाऱ्या अमेरिकनांनाच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले.

१८९५ साली डग्लस वारला. सणाच्या दिवशी घरातले उणे घरचाच माणूस पोटतिडकीने सांगतो. म्हणूनच मी त्याला देशभक्त मानतो.