विश्लेषण : स्ट्रॉबेरीच्या टोपलीचे चित्र २.४४ कोटी युरोंना; कोण होते शार्दाँ?

मार्च २०२२ मध्ये पॅरिसमधील लिलावात रानस्ट्रॉबेरीच्या टोपलीचे एक लहानसे तैलचित्र सुमारे २ कोटी ४४ लाख युरोंना विकले गेले. १७६१ मध्ये ते रंगवणारे ज्याँ-सिमेओं शार्दाँ हयात होते, तेव्हा अशा चित्रांची गणना सर्वांत खालच्या दर्जात होत असे.

सुताराचा मुलगा अकादमीत

शार्दाँ यांचा जन्म १६९९ मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील सुतार. फळे, भांडी, मासे हुबेहूब रंगवणारी वस्तुचित्रे सतराव्या शतकात डच चित्रकारांनी लोकप्रिय केली होती आणि पॅरिसचे संग्राहकही ती हौसेने घेत. शार्दाँ यांनी हीच वाट धरली. आकड्याला टांगलेल्या पाकट माशाच्या चित्रामुळे १७२८ मध्ये त्यांना राजाश्रय असलेल्या अकादमीचे सदस्यत्व मिळाले.

खालचा दर्जा का?

अकादमीच्या लेखी इतिहास, पुराण आणि धर्म हे विषय श्रेष्ठ. समोरची वस्तू रंगवायला कल्पनाशक्ती लागत नाही, असा समज होता. शार्दाँ अकादमीचे खजिनदार झाले, राजाकडून त्यांना निवृत्तिवेतनही मिळाले. पण हा शिक्का पुसला गेला नाही. मुलाने तरी इतिहासचित्रकार व्हावे म्हणून त्यांनी त्याला तसे शिक्षण दिले. मुलाचा व्हेनिसमध्ये अकाली मृत्यू झाला. उतारवयात दृष्टी अधू झाल्याने तैलरंग सुटले, तेव्हा ते पेस्टलकडे वळले. १७७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग किंमत कशी वाढली?

त्यांच्या मृत्यूनंतर अभिरुची बदलली आणि शार्दाँ मागे पडले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे डॉक्टर लुई ला काझ यांनी बाजारात फारशी मागणी नसलेली अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रे जमवली. त्यात शार्दाँही होते. १८६९ मध्ये ला काझ यांच्या मृत्युपत्रानुसार ५८० हून अधिक चित्रे लूव्र संग्रहालयाला मिळाली. एका संग्राहकाच्या आवडीमुळे शार्दाँ यांची चित्रे सर्वांना पाहता आली.

टोपली आता कुठे आहे?

लिलावानंतर चित्र परदेशी जाण्याची चिन्हे होती. फ्रान्स सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवून निर्यात रोखली आणि लूव्रला पैसे उभे करण्यासाठी मुदत मिळाली. मोठा वाटा एका उद्योगसमूहाने उचलला, तर हजारो सामान्य नागरिकांनीही देणग्या दिल्या. २०२४ मध्ये हे चित्र लूव्रचे झाले.