रांबाम : नशीब, देव आणि माणसाची निवड

मुलांनो, हायफाच्या मोठ्या रुग्णालयाचे नाव तुम्ही ऐकलेच असेल : रांबाम. तुमच्या आजी-आजोबांना एका शेकेलची जुनी कागदी नोटही आठवत असेल. तिच्यावर पागोटे बांधलेल्या, दाढीवाल्या गृहस्थांचे चित्र होते. तेच हे रांबाम. चित्र मात्र त्यांच्या मागे कित्येक शतकांनी कोणीतरी कल्पनेने काढलेले आहे. रब्बी मोशे बेन मैमोन या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना रांबाम म्हणतात. ते वैद्य होते, न्यायशास्त्री होते, तत्त्वज्ञ होते. आज त्यांचे सगळे चरित्र सांगत नाही. एका प्रश्नाचा धागा धरून जेवढे येईल तेवढे सांगते.

प्रश्न आपल्या घरातलाच आहे. कोणाची नोकरी गेली, कोणाचे लग्न मोडले, की मोठी माणसे म्हणतात, नशिबात होते. कोकणात समज होता की मूल जन्मल्यावर सटवाई रात्री येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे सगळे भविष्य लिहून जाते. हा समज शेजाऱ्यांचा, पण इतकी शतके एका गावात राहिल्यावर बोलणे आपल्याही तोंडी बसले. आता विचार करा. जे लिहिले आहे तेच घडणार असेल, तर चोराला शिक्षा का करायची? आणि किप्पुरच्या दिवशी उपास धरून परमेश्वराजवळ क्षमा तरी कशाची मागायची? हा प्रश्न रांबामना फार महत्त्वाचा वाटला. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर त्याचे कारण समजते.

त्यांचा जन्म स्पेनमधील कॉर्दोबा शहरी ११३८ साली झाला. जुन्या पुस्तकांत ११३५ साल दिलेले असते, पण त्यांनी स्वतः आपल्या एका ग्रंथाच्या शेवटी जे वय सांगितले आहे त्यावरून ११३८ जुळते. वडील रब्बी मैमोन हे दय्यान, म्हणजे धर्मन्यायाधीश होते. मोशे दहा वर्षांचे असतील-नसतील तेव्हा, ११४८ साली, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद राजवटीने कॉर्दोबा घेतले. त्या राजवटीत यहुद्यांना आपल्या धर्माप्रमाणे राहण्याची मोकळीक उरली नाही. धर्म सोडा, नाहीतर देश सोडा, नाहीतर मरणाला तयार व्हा, असा तो काळ होता. मैमोनांचे कुटुंब बरीच वर्षे गावोगाव हिंडले. ११६० च्या सुमारास ते मोरोक्कोतील फेझ शहरी गेले. ११६५ साली तेथूनही निघावे लागले. गलबत भर समुद्रात वादळात सापडले, पण अखेर अक्कोच्या किनाऱ्याला लागले. त्यांनी यरुशलेमला आणि हेब्रोनला जाऊन प्रार्थना केली. क्रुसेडरांच्या ताब्यातील त्या देशात फार काळ राहणे त्यांना जमले नाही. शेवटी ते इजिप्तमध्ये, जुन्या कैरोला लागून असलेल्या फुस्तात गावी स्थायिक झाले. थोड्याच काळाने वडील वारले.

या सगळ्या धावपळीत त्यांचे लिहिणे थांबले नव्हते. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी मिश्नावर टीका लिहायला घेतली आणि तिसाव्या वर्षी पुरी केली. काही भाग प्रवासात, तर काही जहाजावर लिहिला. घरचा खर्च धाकटे भाऊ दावीद चालवीत. ते रत्नांचे व्यापारी होते. दावीद कमवीत आणि मोशे अभ्यास करीत.

आता आपल्या हिंदुस्थानचा संबंध येतो. दावीद व्यापारासाठी नाईल नदीने वर गेले, मग वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील आयधाब बंदरी पोचले. तेथून त्यांनी भावाला लिहिलेले पत्र कैरोच्या गनिझात सापडले आणि ते आज केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. त्या पत्रातील हकिकत अशी : दावीद आणि त्यांचा एक सोबती काफिल्याला सोडून एकटेच वाळवंटात निघाले. ते धोक्याचे होते, हे त्यांना मागाहून कळले. पण दोघे सुखरूप पोचले आणि मागून येणारे काफिले लुटले गेले. त्यांतले कित्येक लोक जखमी झाले, काही मेले. आयधाबला विकत घेण्याजोगा माल नव्हता, म्हणून दावीदांनी गलबताने हिंदुस्थानला जायचे ठरवले. घरच्यांनी काळजी करू नये, असेही त्यांनी लिहिले. पुढे हिंदी महासागरात त्यांचे गलबत बुडाले. त्यांच्याबरोबर घरचे आणि दुसऱ्यांचेही पैसे गेले. मागे पत्नी आणि लहान मुलगी राहिली.

आपल्या समाजात काही जण म्हणत आले आहेत की, कोकणात येऊन आपल्या पूर्वजांना धर्म शिकवणारे दावीद रहाबी म्हणजे रांबामचे हेच भाऊ. गोष्ट ऐकायला गोड आहे. पण रांबामनी भावाच्या बुडून मरण्याचे दुःख स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे, तेव्हा तसे मानता येत नाही.

ती बातमी आल्यावर रांबाम सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले होते. ज्या माणसाने आपल्या डोळ्यांनी इतके पाहिले, त्याने नशिबाला दोष दिला असता तर कोणी नवल केले नसते. शहर गेले, देश गेला, भाऊ गेला, आणि यातले काहीही त्यांनी निवडलेले नव्हते. बरे झाल्यावर त्यांनी वैद्यकीवर पोट भरायचे ठरवले. तोराचे ज्ञान विकून किंवा लोकांच्या देणग्यांवर विद्वानाने जगू नये, असे त्यांचे ठाम मत होते. भावाची पत्नी आणि मुलगी यांचा भारही त्यांच्यावर होता. पुढे सुलतान सलादिनच्या वजिराचे ते वैद्य झाले.

याच वर्षांत त्यांनी मिश्ने तोरा हा चौदा भागांचा मोठा ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्याच भागात तेशुवाचे, म्हणजे पश्चात्ताप करून परत फिरण्याचे नियम आहेत. त्यांच्या मधोमध त्यांनी आपला प्रश्न घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मनुष्य चांगला होणार की वाईट, हे परमेश्वर जन्मापूर्वी ठरवून ठेवत नाही. प्रत्येक मनुष्य मोशेसारखा नीतिमान होऊ शकतो किंवा यारोबआम राजासारखा पापीही होऊ शकतो. कोणी त्याला ओढत नाही. तसे नसते तर आज्ञा देण्यात, बक्षिसात आणि शिक्षेत काही न्याय उरला नसता.

पण परमेश्वराच्या इच्छेशिवाय पानही हलत नाही ना, असे कोणी विचारील. रांबाम त्याचेही उत्तर देतात. विस्तवाने वर जावे आणि पाण्याने खाली वाहावे, ही जशी त्याची इच्छा, तशीच मनुष्याने मोकळेपणी निवड करावी, हीसुद्धा त्याचीच इच्छा आहे. म्हणजे आपण निवड करतो तेव्हा परमेश्वराच्या इच्छेविरुद्ध काही घडत नाही.

ते वैद्य होते, म्हणून माणसाचा स्वभाव जन्मतः निरनिराळा असतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. एकाला पाठांतर लवकर होते, दुसऱ्याला होत नाही. एकाला राग चटकन येतो. पण त्यामुळे काम सोपे किंवा अवघड होते, अशक्य होत नाही, असे त्यांचे मत. स्वभाव वळवायचा उपाय म्हणजे सवय. त्यांचा एक दाखला मला फार आवडतो. हजार नाणी एकाच गरजूला एकदम देण्यापेक्षा एकेक नाणे हजार वेळा द्यावे, म्हणजे हात हजार वेळा उघडतो आणि उदारपणा अंगी मुरतो. चाळीस मुलांच्या वर्गात शिकवलेल्या कोणत्याही शिक्षकाला हे पटेल. एका दिवसात कोणाचे अक्षर सुधारत नाही.

लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात, असे आपण म्हणतो. तालमुदातही त्या अर्थाचे बोल आहेत. रांबामनी तेही शब्दशः घ्यायला नकार दिला. योग्य रीतीने लग्न करणे हे आज्ञापालन आहे आणि परमेश्वर कोणाकडून आज्ञापालन जबरीने करून घेत नाही, असे ते म्हणतात. ज्यांची मुले लग्नाची आहेत त्यांनी यावर विचार करावा.

एक कठीण जागा मात्र होती. पेसाहच्या रात्री आपण मिसरमधून सुटकेची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत परमेश्वरानेच फारोचे मन कठोर केले, असे तोरा सांगते. मग फारोचा काय दोष? रांबामचे उत्तर असे की, पहिल्याने फारोने आपल्या मर्जीने इस्राएल लोकांना छळले. तो पाप करीतच राहिला, तेव्हा परत फिरण्याची वाटच त्याला बंद केली गेली, आणि हीच त्याची शिक्षा होती. मिसरी लोकांबद्दलही त्यांनी लिहिले. तुझ्या वंशजांना परक्या देशात दास व्हावे लागेल, असे अब्राहामाला आधीच सांगितले होते. पण अमुक मिसरी मनुष्यानेच छळ करावा, असे ठरलेले नव्हते. त्यातला प्रत्येक जण हात आवरू शकला असता.

याहून कठीण प्रश्न पुढे येतो. परमेश्वराला उद्याचे सगळे ठाऊक आहे. मी उद्या खरे बोलणार की खोटे, हे त्याला आजच माहीत असेल, तर मी वेगळे कसे वागू शकेन? रांबामनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांनी लिहिले की, मनुष्य आणि त्याचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी असतात, परमेश्वराचे तसे नाही. त्याचे ज्ञान आणि तो एकच आहे, आणि ते ज्ञान कसे आहे हे मानवी बुद्धीला कळण्यासारखे नाही. तरीही आपले वागणे आपल्या हाती आहे, याबद्दल शंका नको.

हे उत्तर सर्वांना पटले नाही. फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रांतात रब्बी अब्राहाम बेन दावीद नावाचे मोठे विद्वान होते, त्यांना राआवाद म्हणतात. त्यांनी रांबामवर कडक टीका केली. जो प्रश्न शेवटास नेता येत नाही तो काढूच नये, साध्या माणसांच्या मनात शंका पेरून सोडून देऊ नये, असा तिचा आशय. मग राआवादनी स्वतः एक उत्तर सुचवले : परमेश्वराचे जाणणे म्हणजे हुकूम नव्हे, जसे ज्योतिषी दुसऱ्या मार्गाने भविष्य जाणतो पण ते घडवून आणत नाही. मला विचाराल तर राआवादांची तक्रार खरी आहे, प्रश्न सुटलेला नाही. तरी रांबामनी तो लोकांपुढे ठेवला हे बरे केले. मुले तो प्रश्न आपणहून विचारतातच. विचारू नका म्हटले तर ती घरी विचारत नाहीत, एवढेच.

ज्योतिषाबद्दल मात्र रांबामना जराही आदर नव्हता. ११९५ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील रब्बींनी त्यांना याविषयी विचारले. आपण त्या विषयावरची अरबीतील पुस्तके वाचली आहेत, असे सांगून त्यांनी ग्रहांवरून भविष्य पाहणे हा निव्वळ मूर्खपणा ठरवला. ताऱ्यांच्या हालचालींचे गणित ही खरी विद्या आहे, पण ते तारे माझे वागणे ठरवतात, हे खोटे. आपले पूर्वज ज्योतिषाच्या नादी लागले आणि युद्धकला शिकले नाहीत, म्हणून राज्य गेले आणि मंदिर पडले, असेही त्यांनी लिहिले. स्वतः देशोधडीला लागलेल्या माणसाचे हे मत आहे.

अखेरच्या वर्षांत त्यांना क्षणाची फुरसत नव्हती. रोज सकाळी ते फुस्तातहून कैरोला दरबारात जात. दुपारी उपाशी परतत, तर घरी यहुदी आणि परधर्मीय रोग्यांची रीघ लागलेली असे. चोवीस तासांत एकदाच जेवण होई. रात्री थकून आडवे पडूनच ते रोग्यांना औषध लिहून देत. १३ डिसेंबर १२०४ रोजी त्यांचे निधन झाले. तिबेरियास येथे त्यांची कबर म्हणून जी जागा आहे, तेथे तुमच्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले असतील.

त्याच काळात फ्रान्समधील लुनेल गावच्या विद्वानांना त्यांनी एक पत्र लिहिले. त्यात हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख आहे : त्यांना लिखित तोरा ठाऊक नाही, ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी मुलांची सुंता करतात, एवढाच त्यांचा धर्म. कोणत्या गावचे लोक, हे त्यांनी सांगितलेले नाही. आपल्यातले पुष्कळ जण मानतात की ते आपणच.

ते वाचून काही जणांना कमीपणा वाटतो. मला वाटत नाही. कोकणात आपले लोक तेलाचा घाणा चालवीत. शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद असे. जवळ रब्बी नव्हता, पुस्तक नव्हते, घाणा चालू ठेवला असता तर विचारणारे कोणी नव्हते. उलट त्या दिवसाची कमाई बुडत होती. तरी दर शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी बैल सोडून घाणा थांबवीत होता. रांबामचे म्हणणे समजावून सांगायला मला याहून जवळचा दाखला माहीत नाही.

पुढच्या वर्गापर्यंत प्रत्येकाने घरी एक गोष्ट विचारून यावी. आपले कुटुंब हिंदुस्थान सोडून येथे आले, तेव्हा त्यातले काय नशिबाने झाले आणि काय कोणी ठरवून केले? आजी-आजोबांना मराठीत विचारा आणि उत्तर मराठीतच लिहून आणा. चार ओळी पुरेत.