आनंदीबाईंचे पहिले वर्ष

वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशांच्या याद्या लागल्या की गावोगावी सत्कार होतात, पेढे वाटले जातात. प्रवेश मिळाला म्हणजे लढाई जिंकली, अशी पालकांची आणि आम्हा शिक्षकांचीही समजूत असते. ही समजूत कितपत खरी, हे पाहावयाचे असेल तर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राकडे वळावे. त्यांची पदवी सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पहिल्या वर्षाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते, विक्षिप्त होते. पत्नीला शिकवायचेच, या हट्टाने झपाटलेले होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळत नाही, ही उणीव त्यांना येथे स्वतःच्या देहावर कळली. गोपाळरावांनी मदतीसाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला, तेव्हा धर्मांतराची सूचना पुढे आली. ती पतिपत्नींनी मानली नाही. तथापि तो पत्रव्यवहार छापला गेला आणि न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. त्यांतून जुळलेला स्नेह अखेरपर्यंत टिकला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील सभेत आनंदीबाईंनी आपला निश्चय जाहीर केला, अंगावरचे दागिने विकून प्रवासखर्चाची तजवीज केली आणि एप्रिलमध्ये पतीवाचून कलकत्त्याहून प्रयाण केले.

जूनपासूनचे काही महिने कार्पेंटर कुटुंबात मायेने गेले. खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात त्या दाखल झाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. १८५० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका. त्यांनी आनंदीबाईंना आपलेपणाने वागविले आणि शिष्यवृत्तीची सोयही झाली. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर प्रवेश मिळाला होता, शुल्काची चिंता मिटली होती.

उरले होते ते फक्त जगणे. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन हे विषय नवे, भाषा परकी. प्रेताला स्पर्श झाला की स्नान करावे लागे अशा घरातून आलेल्या मुलीला शवविच्छेदनाला उभे राहावयाचे होते. नऊवारी नेसल्याने पोटऱ्या गारठत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. पण भारतीय वेश सोडला नाही. शाकाहारही सोडला नाही. बर्फाळ हिवाळा, अपुरा आहार, दिवसभराचा अभ्यास आणि सातासमुद्रांपलीकडून येणारी पतीची कधी उत्तेजन देणारी, कधी जिव्हारी लागणारी पत्रे, असा तो संसार होता. प्रकृती ढासळत गेली, अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. ती जागा त्यांना भूषविता आली नाही. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षयाने जर्जर होऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

क्षयाचे जंतू कॉखने १८८२ सालीच दाखविले होते. परंतु त्यांवर चालणारे स्ट्रेप्टोमायसीन हाती यायला १९४३ साल उजाडावे लागले. तेव्हा त्यांच्या मृत्यूचा दोष कोणा एकावर ठेवणे न्याय्य होणार नाही. कुपोषणाने व अतिश्रमाने शरीर या रोगाला लवकर बळी पडते, एवढे मात्र आज निश्चित ठाऊक आहे. आपण या शोकांतिकेला त्यागाचे नाव दिले, कथा-कादंबऱ्या-नाटकांतून तिला वंदन केले. वंदन योग्यच आहे. पण त्यागाच्या गौरवात एक साधा हिशेब झाकला जातो. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून तो मला मांडावासा वाटतो. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. पुरेसे अन्न, उबदार खोली, वेळीच झालेली प्रकृतीची तपासणी आणि मन मोकळे करायला एखादे माणूस, हाही शिक्षणाचाच खर्च आहे. तो संस्थेने व समाजाने उचलला नाही, तर विद्यार्थी तो आपल्या शरीरातून फेडतो.

आज आपल्याकडे खेड्यांतून, मराठी शाळांतून आलेली मुले-मुली पहिल्या वर्षाच्या वर्गात बसतात. शुल्कात सवलत मिळते. खानावळीचे बिल माफ होत नाही. इंग्रजी ग्रंथ समजत नाहीत हे सांगण्याची लाज वाटते. घरी कळविले तर आईबाप हवालदिल होतील म्हणून पत्रात आणि फोनवर सारे क्षेमकुशलच असते. त्यांच्यापैकी कोणी खचले तर आपण जिद्द कमी पडली, असा निकाल देऊन मोकळे होतो. आनंदीबाईंना जिद्द कमी नव्हती. म्हणूनच पहिल्या वर्षाच्या वसतिगृहाचे, भोजनाचे आणि आरोग्यतपासणीचे अंदाजपत्रक हे प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. आनंदीबाईंच्या तसबिरीला हार घालणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्या दिवशी आपल्या वसतिगृहातील स्वयंपाकघरातही एकदा डोकावून यावे.