सासवण्याचा शिल्पकार : विनायकराव करमरकर

बालमित्रांनो, शिवजयंतीला आपण महाराजांची गोष्ट ऐकतो. या वेळी आम्ही महाराजांचा पुतळा घडवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणार आहोत.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. घरी गणपतीच्या मूर्ती होत, त्यामुळे माती मळायला ते लहानपणीच शिकले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडले. साहेब कलेचे जाणकार होते. मुलाला रागे भरायचे सोडून त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली! तिथे विनायकाने मेयो पदक मिळवले. पुढे रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांच्यामुळे ते कलकत्त्याला गेले आणि १९२० साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेले.

पुण्यात महाराजांचे स्मारक व्हावे ही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची इच्छा. १९२१ साली इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते कोनशिला बसली, पण पुढच्याच वर्षी शाहू महाराज वारले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी ते काम तडीस नेले. पुतळा घडवायचे काम करमरकरांकडे आले.

आता काम केवढे ते पाहा. साडेतेरा फूट उंच, वजन सुमारे ८ टन, म्हणजे आपल्या सहा-सात मोटारगाड्यांएवढे. तेही घोडा आणि स्वार एकसंध. तुकडे ओतून जोडले तर एखादा बिघडल्यास तेवढाच पुन्हा करता येतो. एकसंध ओतकामात ती सोय नाही. वितळलेला धातू साच्यात मध्येच थंड झाला किंवा हवा अडकली, की सारी मेहनत वाया! शिवाय मुंबईतला प्रसिद्ध काळा घोडा १८७९ साली बोह्म या इंग्लंडमधल्या शिल्पकाराने केलेला. असे मोठे काम साहेबच करणार, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. करमरकरांनी आपला पुतळा मुंबईतच, माझगाव डॉकमध्ये ओतवला, आणि तो साधला. जून १९२८ मध्ये पुण्यात त्याचे अनावरण झाले. १९३२ साली तिथे शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल निघाले, म्हणजे शाळेपेक्षा पुतळा जुना!

पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. १९६७ साली ते वारले. आम्हाला मात्र त्यांची साधी कामे जास्त आवडतात : कोळीण, शंख फुंकणारा माणूस, सिमेंटची म्हैस. म्हैस तर इतकी खरी, की हात लावावासा वाटतो.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुंबईला गेलात, की गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरा. सासवणे तिथून जवळच आहे. करमरकरांच्या घरीच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा जुलैत जाणाऱ्यांनी वडखळवरून रस्त्याने जावे.